खाडा

पावणेपाचचा गजर लावला नव्हता
तरी डोळे उघडलेच.
पायांनी सवयीने फरशी शोधली,
मग डाव्या नडगीने आठवण दिली:
आज चौथा दिवस.

डॉक्टर मुलाणींनी अंगठ्याने दाबत विचारलं होतं,
"इथं? की थोडं खाली?"
मी खुर्चीचा हात घट्ट धरला, तेच उत्तर.
"हाड मोडलेलं नाही अजून.
मोडायच्या विचारात आहे.
दोन आठवडे पळणं बंद."
दोन आठवडे म्हणजे किती किलोमीटर,
हा हिशोब मी रिक्षातच केला
आणि सुट्टे घ्यायला विसरले.

बूट खाटेखाली आहेत.
टाचेच्या खाचेत संभाजी तलावाकाठची माती,
वाळून खडू झालेली.
झाडताना मी तेवढ्यावरून झाडू फिरवत नाही.

पाच दहाला गल्लीच्या तोंडाशी पावलं येतात.
विजयालक्ष्मी येमूलचं जरा घासत पडणारं,
फरजानाचं इतकं हलकं
की कुत्रीसुद्धा मान वर करत नाहीत.
"येलालीस का बे?"
"आज खाडा," मी गॅलरीतून सांगते.
ती हात हलवते. पावलं वळतात, बारीक होतात.
त्यांच्या मागे माझी पावलं नाहीत
हे मला नीट ऐकू येतं.

खाडा हा शब्द नायनांचा.
कारखान्याच्या वहीत त्यांच्या नावापुढे
एकतीस वर्षांत अकरा फुल्या.
एक माझ्या जन्माची,
दोन आजोबांच्या,
बाकी तापाच्या, त्याही अंग भाजायला लागल्यावरच्या.
फुली म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली.
उजव्या खांद्याच्या वाट्याला एकही फुली आली नाही.
आता सदरा घालताना
बाही मी मागून धरते
आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहतात.

आज नळाचा वार.
मी जिन्यात बसून हंडे भरते,
लंगडत नाही, असं दाखवते.
"पाच दिवस झोपतो हा नळ," नायना म्हणतात,
"त्याला कोण आळशी म्हणतंय का?
आला की सगळे पळतात."
स्वतःच्याच विनोदावर हसतात,
मग माझा पाय मांडीवर ओढून घेतात
आणि तळहात नडगीवरून फिरवतात,
उभ्या धाग्यांवरून फिरवावा तसा,
कुठं ताण जास्त, कुठं सैल.
दुखऱ्या जागेच्या बोटभर आधीच हात थांबतो.

कारखान्यातून आणलेला टॉवेल, काठ चुकलेला,
म्हणून विकला न गेलेला.
त्यात बर्फ गुंडाळता गुंडाळता सांगतात:
"आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो.
एक काटा असतो लहानसा,
त्याला धागा लागला नाही की झालं, बंद.
तो काटाच बिघडला तर माग चालू राहतो बघ.
आवाज तोच, वेग तोच.
खाली बघावं तर हातभर नुसते उभे धागे.
कापड नाहीच."
"मग मालक काय करायचा?"
"मजुरीतून कापायचा."

यापुढे काही बोलत नाहीत.
बर्फ वितळून फरशीवर ओघळतो
आणि मी पहिल्यांदाच विचार करते
की कळ ही माझ्या बाजूची असेल.
लगेच वाटतं, हे बरं आहे सांगायला.
परवापर्यंत मीच तिला गोळी देऊन गप्प करत होते,
वर सहा किलोमीटर जास्त.

साडेसातला फरजाना परतते, घामाने चकाकत,
दारातच लिंबूपाणी पिते.
"तलावावर आज धुकं होतं," म्हणते,
आणि माझा चेहरा बघून, "थोडंसंच."

पलीकडच्या गल्लीत माग सुरू होतात.
खटखट, खटखट, भिंतीतून घरात.
शेंगाचटणीशी कडक भाकरी मोडता मोडता
टेबलाखाली माझं पाऊल त्या ठेक्यावर हलू लागतं.
नायना बघतात.
मी पाऊल थांबवते.

थोड्या वेळाने वाकून बघते
तर त्यांचं हलतंय.