ताबा

कॅटरिक छावणी, यॉर्कशायर.
सेरेआना खिळ्यांची भोकं
टूथपेस्टने बुजवतेय.

भाडं तर
पगार हातात पडायच्या आधीच कापलं जातं.
या भिंती सरकारने कधीच विकल्या कंपनीला
आणि मग त्याच भाड्याने घेतल्या.
योसेफाने तिला दोनदा समजावलं हे,
दोन्ही वेळा मध्येच स्वतः अडखळला.

टॉर्च घेऊन आलेला साहेब
ओव्हनमध्ये डोकं घालतो.
न्हाणीतली काळी बुरशी
त्याच्या यादीत नाही.
बुरशी घराची,
ओव्हन तिचा.

सही.
किल्ल्या.

सॉल्सबरीजवळ, पाचवं घर.
फिजीतल्या आईचा फोटो काखेत धरून
ती भिंत चाचपते.
बोटाला पांढरं लागतं.
हुंगते:
पुदिना.

खिळा नुसत्या अंगठ्यानेच आत जातो.