बे साती

ओबेदने टेपरेकॉर्डर काउंटरवर ठेवला तेव्हा
दहीपुलावर टँकर आडवा लागला होता
आणि मी एका मिक्सरच्या पोटात हात घालून बसलेला.
"गायधनीकाका, हा फक्त इथंच होईल, म्हणाले."
तीन वर्षांत फार्मसीपेक्षा मराठीच जास्त आली होती त्याला.

आत कॅसेट अडकलेली, फीत चघळलेली,
रबरी पट्टा सैल, हेडवर काजळी.
"आजीची बहीण," तो म्हणाला. "सलोमी.
सोमवारी गेली. मोंबासाला."
मग हातांनीच सांगत राहिला:
लग्नघरात फक्त बायका वाजवायच्या तो ढोल,
दार लावून, कमरेला ओढणी कसून;
हिनं दार उघडलं,
भावाची गिटार आत ओढली,
आणि त्या नाचाला नाव पडायच्या आधीच
बंदरावरचे हमाल त्याच्यावर पोती उचलू लागले.
नाव त्यानं तीनदा उच्चारलं. मला लिहिता येईना.
पावतीवर लिहिलं : टेप, एक नग.

स्पिरिटचा बोळा फिरवला. पेन्सिलीनं फीत गुंडाळली.
एका जागी नखभर कापावी लागली;
तेवढी सलोमी अजून माझ्या ड्रॉवरात आहे.

आधी नुसती खरखर. मग ढोल.
मग कुणीतरी खाकरलं.
गाण्याआधी ती मोजून घेत होती –

बेके बे
बेदुने चा
बेतिरी सा
बेचो काट

मिक्सरवाल्या बाईंनी वर पाहिलं.

"याला अर्थ नाही," ओबेद म्हणाला.
"तिची आजी म्हणायची, नारळ खवताना.
तिकडं सगळे म्हणतात.
अर्थ नसतो, पाय असतात."

मी शरणपूरच्या दिशेनं बोट केलं.
रिक्षावाल्याला रोज सांगतो आपण ते नाव,
दवाखाने, मोबाइलची दुकानं, सिग्नल –
तिथं कधी शाळा होती
गलबतांतून सोडवलेल्या पोरांची.
कुणाची आई कुठल्या किनाऱ्यावर राहिली, ठाऊक नसलेली पोरं
ओल्या बोटानं पाटीवरचे पाढे पुसायची.
मोठी झाली, त्यातली काही पुन्हा जहाजात बसवली.
पाटी इथलीच. ती इथंच राहिली असणार.

ओबेद स्टुलावर बसला.
मी सलोमीच्या मागोमाग म्हणू लागलो, हळू,
बे पाचा दहा, बे सक बारा,
आणि ती म्हणाली
बे साती पंधरा.

तिथंच गिटार आली.
त्या जास्तीच्या एकावर
अख्खी चाल पलटली, टाच उचलावी तशी.
स्टूल करकरलं.

"चौदा," मी म्हणालो. मास्तरांच्या छडीची सवय.
"म्हातारी विसरली असेल बोटीत."
ओबेदनं मान हलवली.
"चौदा म्हटलं तर काका, पाय रिकामा पडेल."

पट्ट्याचे चाळीस घेतले.
बाईंनी विचारलं, माझ्या मिक्सरचं काय?
मग पिशवी खाली ठेवली :
ते परत लावा ना. पंधरापासून.