जायलोय

"सर, तुमी परत जायलाव म्हणं?"
मागच्या बाकावरून मुंजाजी विचारतो
आणि पत्र्याचा वर्ग गप्प होतो.
मी फळ्याकडं तोंड करून
नेमका चालू वर्तमानकाळच लिहीत असतो,
आय ॲम गोइंग:
म्हणजे वाटेत असलेला,
किंवा अजून चपलाही न घातलेला.
इंग्रजीला दोन्ही चालतं.
आमच्या देगलूरलाही.

ईमेल मंगळवारी आला, दा नांगहून.
पगार बरा, खोली फुकट, रविवारपर्यंत कळवा.
खाली बारीक अक्षरांत:
उच्चार जन्मजात इंग्रजासारखे असल्यास प्राधान्य.

मागच्या वेळी, हायफाँगात,
पहिल्याच दिवशी रेवणसिद्धचा रायन झाला.
पालकांनी विचारलं तर कॅनडा म्हणा,
मॅनेजरबाई हसून म्हणाल्या,
हसूनच पासपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकला
आणि किल्ली पर्समध्ये.
पत्रकावर फोटो दुसऱ्याचाच, पिवळ्या केसांचा.
तो कोण, हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं.
एक आई काचेबाहेर उभी राहून
माझ्या खडू धरलेल्या हाताकडं बघत राहिली,
दुसऱ्या दिवशी तिची मुलगी आली नाही.
दोन महिन्यांचा पगार पुढच्या आठवड्यात.
पुढचा आठवडा किती लांब असू शकतो
हे कुठल्याच व्याकरणात नव्हतं.

आणि इथं?
इथं पबितवार सरांनी एसटी स्टँडसमोर बोर्ड लावलाय,
फॉरेन रिटर्न,
माझ्या मुंडक्याखाली निळा कोट जोडून, टायसकट.
मी जन्मात टाय बांधलेला नाही.
तिथं फोटो कापला, इथं चिकटवला,
खोटं वजनाला सारखंच.
फक्त इथं बोर्डाखालचा रसवंतीवाला
मला ओळखतो, न सांगता बर्फ कमी घालतो.

अप्पा दुकानात चार भाषांत उधारी मागतात.
घरच्या पाहुण्यांना कानडी, गल्लीला मराठी,
मदनूरच्या गिऱ्हाइकाला तेलुगू,
हातगाडीवाल्या रशीदभाईला दखनी.
कुणी त्यांना उच्चारावरून हटकल्याचं आठवत नाही.
पैसे मात्र चारी भाषांत उशिराच येतात.

काल शटर ओढताना त्यांना सांगितलं.
"थकबाकीदाराच्या दारात परत जायचं
तर वही घेऊन जावं," म्हणाले.
ते गाव वेगळं आहे, अप्पा.
"आसंल. पेठ तीच हाय की."

म्हणून वहीचं मागचं पान उघडलं.
येणे: दोन महिने. एक फोटो. नाव, अर्ध्याहून जास्त.
देणे लिहिताना हात थांबला.

मिन्ह, नऊ वर्षांचा,
प्रत्येक शब्दाचं शेपूट गिळणारा.
एकदा त्यानं विचारलं, रायन हे खरं नाव नाही ना?
मग दर गुरुवारी वर्ग सुटल्यावर पाच मिनिटं,
रेवणसित. रेवणसित.
ध पाशी जीभ अडायची, तो कान लाल करून हसायचा.
पुढच्या गुरुवारी नक्की, मी म्हणालो होतो.
पासपोर्ट हाती लागला तो बुधवार होता.
रात्रीच निघालो.

देण्याच्या रकान्यात मी लिहिलं: एक ध.
अप्पांनी चष्म्यावरून बघितलं,
"ह्यो कसला माल?"

उत्तर लिहून ठेवलंय. दोनच ओळी.
पासपोर्ट कुणाच्या खिशात राहील?
पत्रकावर माझं नाव पुरतं छापाल का?
पाठवलेलं नाही.
रात्री दोनदा उघडलं, एक स्वल्पविराम काढला,
परत घातला.

मुंजाजी अजून उभाच आहे.
वाक्यात वापर, मी त्याला म्हणतो, खडू झटकत.
तो गळा साफ करतो.
सर इज गोइंग.
अर्धवट आहे, मी म्हणतो. कुठं? कधी?
तो बाकावर पेन आपटत विचार करतो,
बाहेर नांदेडची गाडी लागल्याचा पुकारा होतो,
आणि पहिल्या रांगेतली एक बारकी पोरगी
हात वर न करताच विचारते,
"टुमारो?"