बकुळचा ळ

सात वाजून वीस.
मरोळ गावठाणातल्या क्रुसाला कुणीतरी
ताज्या झेंडूची माळ घातलीय.
बकुळ विचारते, यांचा वाढदिवस आहे का?
मी म्हणते, चल, उशीर होतोय.

आमच्या वेळी शाळेला दोन फाटकं होती,
डावीकडचं मराठीचं, उजवीकडचं इंग्लिशचं,
पाणी प्यायला मात्र एकच नळ.
आता डाव्या फाटकाला कुलूप,
कुलपावर कोळ्याचं जाळं,
आणि आमच्या पहिली 'ब'च्या खिडकीतून दिसतात
गुलाबी फडक्यांनी झाकलेले कंप्युटर.

काल रात्री अकरा वह्यांना कव्हरं घातली.
दिवसभर लॅबमध्ये मी रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवते,
नाव, वय, उपाशीपोटी की जेवणानंतर.
घरी येऊन पुन्हा लेबलं.
बी, ए, के, यू,
आणि एलपाशी पेन थांबलं.
नवरा म्हणाला, असू दे गं,
पासपोर्टवरसुद्धा तेच येणार आहे.
(कव्हरं त्यानं माझ्याहून नीट घातली,
हेही सांगायला हवं.)

मैदानात रांगा.
नव्या बुटांचा वास, डोक्याला चोपडलेल्या तेलाचा वास,
कुणीतरी रडतंय, कुणीतरी रडणाऱ्याकडे बघून रडतंय.
प्रार्थना सुरू होते.
समोरच्या मिसचं बघून बकुळ क्रुसाची खूण करते
आरशातल्यासारखी, डाव्या हातानं.
लाऊडस्पीकर इंग्लिशमध्ये बोलतो,
माझे ओठ आपोआप मराठीत हलतात,
आमेनपाशी आमची गाठ पडते.

मिस डिमेलो नवीन असावी,
हातातली यादी थरथरतेय.
बाकुल?
कुणी नाही.
बाकुल धूमल?
बकुळ वळून माझ्याकडे बघते.
इतक्या लांबून काय सांगणार,
मी नुसती मान हलवते: होय, तूच.
"प्रेझेंट मिस,"
आठ दिवस पाठ केलेलं ती एका दमात म्हणते.

माझ्या पोटात काहीतरी खचकन् तुटतं.
फार मोठं नाही.
बटण तुटावं तसं.

ऑफिसात फॉर्म भरायचा राहिलाय.
रक्तगट, ॲलर्जी, आणायला कोण येणार.
कोपऱ्यात वेताच्या खुर्चीत सिस्टर रेमेडिया,
निवृत्त होऊन बारा वर्षं झाली,
घरी जा असं कुणी म्हटलं नाही म्हणून बसतात.
एका डोळ्यावर ऑपरेशनची हिरवी पट्टी.
हात पुढे करतात, फॉर्म घेतात,
नाकाला टेकेल इतका जवळ धरतात.
माझी सही अजून देवनागरीत आहे.

"हा ळ मी ओळखते," त्या म्हणतात.
"दुसरं वेटोळं अर्ध्यातच सोडून देतेस.
शंभर वेळा लिहून घेतला होता तुझ्याकडून,
कमळ, बाळ, फळा.
नाव नाही हां आठवत तुझं."

मी नाव सांगते.
त्या मान डोलावतात, पण आठवत नाहीच.
बोटानं फॉर्मवर, शाईला न लागता,
ते राहिलेलं वेटोळं पुरं करतात
आणि शिपायाला हाक मारतात, चहा आण.

साडेबाराला बकुळ बाहेर येते,
एक मोजा पायात, एक दप्तरात.
मिसला माझं नाव येत नाही, म्हणते.
मग सांगायचं ना तिला.
सांगितलं. जीभ अशी मागे न्यायची, दाखवलंपण.
आलं का?
नाही. उद्या येईल.

माझ्या बाकावर एलिशा टोप्पो आहे.
तिचे पप्पा मेट्रो बांधतात.
डबा नव्हता तिच्याकडे.
मी म्हटलं, पोळी म्हण, तरच देईन.

मग?

पोली म्हणाली.
तरी दिली.