लाईन सोडा

करंट लागला नव्हता.
सेलूच्या बाजारात, एस्टीत, दवाखान्याच्या रांगेत
इतक्यांदा सांगितलंय, की आता कुणी विचारायच्या आधीच सांगते :
शिडी सरकली.
डीपीखाली काळ्या दगडाची कपची होती,
तिच्यावर शिडीचा डावा पाय,
वर मी, हातात पक्कड,
लाईन बंद, परमिट माझ्या नावावर, सगळं नियमानं.
बंद तारेखाली पडले मी.
लोकांना पटत नाही. लाईनवाली बाई पडली म्हणजे करंटच.

नडगी दोन जागी मोडली.
परभणीला सळई घातली. आठ महिने गेले
आणि हाड जुळायचं विसरलं.
डॉक्टर काबरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला :
"दोन्ही टोकं गप बसलीत."
"भांडलेल्या जावावानी," सासू म्हणाली, धुरपदाबाई,
"चूल एक, तोंडं दोहीकडं."

मग हे यंत्र, महिन्याच्या भाड्यानं.
पोळपाटाएवढं कडं नडगीभोवती,
कमरेला डबी, डबीत बॅटरी,
रोज दहा तास.
यातून वीज जाते? विचारलं.
जाते. पण कळायची नाही.

मला हसूच आलं.
अकरा केव्हीखाली बारा वर्षं काढली,
दमट हवेत तिची गुणगुण
कानाच्या पाळीला आधी कळते, कानाला मागून.
हिची काही खबरच नाही.
घरी येऊन टेस्टर लावला. पेटला नाही.

डॉक्टर म्हणाले, हाडात ती मुळातच असते.
भार पडला की हाड दबतं,
दबलं की इवलीशी वीज उठते,
आणि शरीर तिथं भर घालतं.
तुमचं हाड भार घेईना, म्हणून ही उसनी.

म्हणजे खांबावर चढताना
पायरीपायरीला माझ्या पायात वीज होती,
ना मीटर, ना बिल,
आणि मी आपली गावाची वीज नीट करत होते.

गावठाणची लाईट जायची असली
की सबस्टेशनवरून बशीरभाईचा फोन :
"बाई, बारा ते तीन. डबी लावून घ्या."
लांबलीच, तर डबी गिरणीवाल्या उत्तम डुकरेकडं.
थकबाकीपायी दोनदा तोडलीय मी त्याची लाईन.
तो इन्व्हर्टरची पिन मोकळी करतो,
बोलत काही नाही.
पिठाचा हात मात्र आधी पुसतो.

यंत्र तास मोजतं.
"तेवीस तारखेला चारच?" डॉक्टरांनी विचारलं.
लाईट नव्हती, म्हणाले.
नणंदेच्या पोरीच्या लग्नात होते खरं तर,
नव्या साडीवर ते कडं नको वाटलं.
डॉक्टर नुसतं डबीकडं बघत राहिले,
लोक आकडा टाकून माझ्याशी बोलायचे,
तेव्हा मी मीटरकडं बघायची तसं.

चौथ्या महिन्याच्या फोटोत
टोकांच्या मधे काहीतरी धूसर आहे,
पाणी जास्त झालेल्या दुधासारखं.
मी म्हणाले, आलं का?
ते म्हणाले, बघू.

एक गोष्ट कुणी विचारत नाही, म्हणून सांगत नाही.
काम झालं की सबस्टेशनला कळवायचं असतं :
माणसं खाली, हत्यारं मोजली, लाईन सोडा.
ज्याच्या नावावर परमिट, त्यानंच.
त्या दिवशी मी ॲम्ब्युलन्समधे होते,
ते वाक्य तोंडातच राहिलं,
आणि साहेब येऊन सही करेपर्यंत
तीन गावं अंधारात बसली.
कुणाची परीक्षा होती म्हणे दुसऱ्या दिवशी.

आता रात्री सगळे निजले
की कडं नडगीला बसवते, पट्टा आवळते,
बटणावर बोट ठेवते, थांबते जरा.
धुरपदाबाई एकदा जाग्या होत्या.
म्हणाल्या, कुणाशी बोलतीस गं?
कुणाशी नाही.
माणसं खाली आहेत.
हत्यारं मोजली.
लाईन सोडा.