खालच्या खणातलं पत्र

मिस ट्रूइट,
खोली चौदाची किल्ली अडते.
दार आधी स्वतःकडे ओढा, मग फिरवा.
हीटर ऑक्टोबरात खोकायला लागतो, त्याची सवय होते.
मुलांची सवय करून घेऊ असं मात्र समजू नका,
त्यांनाच तुमची करून घ्यावी लागते,
आणि त्याला वेळ लागतो.

स्प्रिंगडेलमध्ये पहाटे
कोंबडीच्या कारखान्याची पाळी सुटते
तेव्हा अर्ध्या गावाच्या अंगाला एकच वास असतो.
त्या वासाच्या आईचं बोट धरून
नेइमात माझ्या वर्गात आली.
नऊ वर्षांची. मार्शल बेटांवरून.
नकाशावर बोट ठेवलं मी,
बोटाखाली नुसतं निळं.

मी विचारलं, पेन्सिल आहे?
गप्प.
गोष्ट समजली?
गप्प.
मग हळू बोलले, मग मोठ्याने.
(आवाज चढवला की भाषा सोपी होते
असं आपल्याला का वाटतं, कोण जाणे.)
तोंडी परीक्षेच्या रकान्यात तीन आठवडे
शून्य, शून्य, शून्य,
शाईने.

आणि वर त्या भुवया.
प्रत्येक प्रश्नाला उचलायची, क्षणभर,
मासोळी पाण्यावर उसळून आत जावी तशा.
आमच्या घरी भुवया वडिलांच्या उंचावत,
मग टेबलावर फक्त काट्याचमच्यांचा आवाज.
मी म्हटलं, एवढीशी पोर आणि केवढा हा तोरा!
शेऱ्यात लिहिलंसुद्धा तसं.
ते पान मी फाडलेलं नाही. हिरव्या वहीत आहे. वाचा.

एम्लेन जेवणघरात वाढते.
एका मंगळवारी मी नेइमातला विचारलं, दूध हवं?
उत्तर आलं नाही,
म्हणून खोका परत ठेवला.
एम्लेनने डाव खाली ठेवला.
"बाई, ती हो म्हणाली."
कधी?
"आत्ताच. तुम्ही तोंडाकडे बघत होता.
आमचं हो इथे असतं."
आणि तिने भुवया उचलल्या.
मागच्या रांगेतली तिची चार-पाच पोरं
माझ्याकडे बघून हसली,
त्यांच्याही वर गेल्या.

पेन्सिल आहे. गोष्ट समजली. हो, बाई. हो.
तीन आठवडे एक मूल मला होकार देत होतं
आणि मी तो उद्धटपणात जमा करत होते.

संध्याकाळी शून्यं बदलायला गेले
तर ऑफिसातली म्हणाली, सत्राचे गुण बंद झाले,
अर्ज करा.
अर्ज केला. त्याचं काय झालं, विचारू नका.

मग सिग्नलला थांबले की
गाडीच्या आरशात सराव करायचे.
शेजारच्या ट्रकवाल्याने एकदा काच खाली घेतली
आणि विचारलं, काय झालंय बाई तुम्हाला?

आता हे वाचून तुम्ही
भिंतीवर तक्ता लावाल: भुवया वर म्हणजे हो.
नका लावू.
पुढच्या वर्षी तार्जो नावाचा मुलगा आला,
त्याच्याही भुवया वर जायच्या,
मी खूश होऊन धडे पुढे नेत राहिले.
त्याला अक्षरही कळत नव्हतं.
माझा हिरमोड होऊ नये
म्हणून तो हो म्हणायचा.
एम्लेननेच सांगितलं तेही. हसत नव्हती या वेळी.

आणि कुणी आठवडाभर गैरहजर असलं
तर लाल पेन उचलण्याआधी विचारा, कोण गेलं?
त्यांच्यात मयताला घाई नसते,
सगळे येईपर्यंत थांबतात.
आपण दुपारच्या तासाला परत येतो.

सत्राच्या शेवटच्या दिवशी
मी नेइमातजवळ खाली बसले.
म्हटलं, माझं चुकलं.
ती जमिनीकडे बघत राहिली, बराच वेळ,
एका बोटाने बुटाची नाडी फिरवत.
भुवया हलल्या नाहीत.
त्याचा अर्थ काय, मला अजून माहीत नाही.
एम्लेनला विचारायचं धाडस झालं नाही.

खडू डावीकडच्या डब्यात आहेत.
एम्लेन अजून जेवणघरातच आहे.
आधी तिला भेटा, मुख्याध्यापकांना नंतर.