पाऊस वजा पा

बिबवेवाडीची मनपा शाळा, पहिली ब.
मागे खिचडीचं पातेलं खडखडतंय,
आणि मी जिन्याखालच्या खोलीत, बुटक्या बाकावर,
गुडघे हनुवटीला लावून,
हातात स्टॉपवॉच.

"कमळ. त्यातला क काढला, काय उरलं?"
अल्फिया तांबोळी प्रश्न संपायच्या आत म्हणते, मळ.
बाई म्हणाल्या होत्या, हिला आधी तपासा,
एका जागी बूड टिकत नाही हिचं.
टिकत नाहीच. माझ्या पिशवीत डोकावत,
पंखा किती वेळा करकरला ते मोजत
उरलेले नऊ शब्दही ती उड्या मारत सोडवते.

मग अन्वित. सहा वर्षं दोन महिने.
शांत. बाईंची काहीच तक्रार नाही.
"पाऊस. त्यातला पा काढला, काय उरलं?"
तो खिडकीबाहेर बघतो. खरोखर काढून बघतो.
"चिखल," म्हणतो.

मी शून्य लिहिते.
लिहिताना पेन्सिलचं टोक मोडतं,
उगाच, काही अर्थ नाही त्याला.

आता चित्रांची नावं, भराभर:
मासा, छत्री, चेंडू, कात्री, पुन्हा मासा, पुन्हा कात्री.
कात्रीपाशी तो दर वेळी अडतो.
वडिलांचं सलून आहे, अप्पर डेपोच्या मागे.
कोणती मिशीची, कोणती बारीक कटिंगची,
कोणती बोथट झाली की धारवाल्याकडे जाते,
सगळं येतं त्याला.
फक्त नाव जिभेवर यायला चार सेकंद.
मी चार लिहिते.

बेरीज सांगते, तिसरीत जाईल तेव्हा
ओळ सुटेल, घ आणि ध जागा बदलतील,
रफार कुणाच्या डोक्यावर द्यायचा कळणार नाही.
ध चा मा या गावाला जुना ठाऊक आहे,
तो मुद्दाम केलेला.
हा मुद्दाम करणार नाही.
मार मात्र यालाच पडेल.

माझे वडील शिमला ऑफिसात होते, हवामान खात्यात.
अख्ख्या दख्खनचे ढग त्यांच्या तक्त्यावर.
गल्ली म्हणायची, खांबेटेकाका पाऊस म्हणाले ना,
मग छत्री घरीच ठेवा.
बाबा हसायचे. म्हणायचे, अंदाज चुकला तर
छत्रीचं ओझं होतं, एवढंच.
आणि त्यांच्याच कोपराशी, जेवणाच्या टेबलावर,
मुकुंदा 'वादळ'चं 'वाळद' लिहीत होता.
तीन वर्षं.
लक्ष दे, म्हणायचे बाबा. कधी पट्टी.

अन्वितची आई दारात चप्पल न काढता उभी.
"म्हणजे नाहीच येणार का वाचायला?"
येईल हो. उशिरा, आडवाटेनं,
कुणीतरी आत्तापासून रोज पंधरा मिनिटं
न रागावता शेजारी बसलं तर.
"कोण?"
मी फॉर्म उलटून बघते. मागची बाजू कोरी.
मंगळवारी येते, म्हणते मी,
आणि म्हटल्यावर डायरीत मंगळवार शोधत बसते.

स्वारगेटला बसची वाट बघताना
मुकुंदाला आवाज पाठवते.
कात्रजला बॅटऱ्यांचं दुकान आहे त्याचं,
बिलं कागदाच्या रंगावरून ओळखतो,
लिहून कधी काही पाठवत नाही.
"पाऊसमधला पा काढला तर काय उरतं रे?"

दोन बस जातात. तिसरी भरलेली.
मग अकरा सेकंदांचा निरोप:
आठ सेकंद नुसते चौकातले हॉर्न,
मग, "ऊस."
आणि जरा थांबून, हळू,
"बरोबर ना?"